तक्रार असेल त्याने टाळ वाजवावा

दिवाळीचा लाडू आणि घरी तयार केलेला खेळ यांत एक साम्य आहे. करणाऱ्याला तो कधीच बिघडलेला वाटत नाही. आणि ज्याच्या हातावर ठेवावा तोही "छान झालाय हो" असेच म्हणतो. खरे काय ते बशीत उरलेला अर्धा लाडू पाहून मागाहून कळते. २०२४ च्या मे महिन्यात मी एक बैठा खेळ तयार केला, आणि पुढे दोन महिने त्याचे अर्धे लाडू मला घरभर सापडत होते.

निमित्त आईचे. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारीच झाली नाही, माऊलींच्या पादुका एस. टी.ने पंढरपूरला गेल्या; ती दोन वर्षे सोडली, तर एकवीस वर्षांत आईने एकही वारी चुकविली नव्हती. त्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि यंदा घरचा जिना सोडून काही चढायचे नाही, असे सांगितले. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने वारीची पिशवी माळ्यावर ठेवायला माझ्याकडे दिली, इतकेच.

मला वाटले, आपण तिला घरातच वारी घडवू. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद डकविले आणि एका कोपऱ्यात आळंदी, तर समोरच्या कोपऱ्यात पंढरपूर काढले. मध्ये नागमोडी वाट. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, मग निळ्या शाईची नीरा नदी, पुढे तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. सगळी मिळून शंभर घरे. सौ.च्या शिवणाच्या डब्यातली पाच रंगांची बटणे म्हणजे पाच दिंड्या. एक फासा. पावसाच्या घरात आलात तर चार घरे मागे, अन्नछत्राच्या घरात आलात तर चार घरे पुढे, दिवेघाटात एक डाव थांबायचे. जो पंढरपूरला पहिला पोहोचेल तो जिंकला.

पहिल्या रविवारी सगळे खेळायला बसलो. आई, सौ., सोळा वर्षांचा थोरला, आठ वर्षांची धाकटी आणि मी. खेळ रंगात आला असता थोरला दूध आणायला म्हणून उठला. "माझाही फासा टाकत राहा," असे म्हणून गेला. परत आला तेव्हा तो जिंकलेला होता.

"बाबा," दुधाची पिशवी हातात तशीच धरून तो म्हणाला, "मी नसलो तरी चालते, तर मग मी बसायचे कशाला?"

या प्रश्नाचा मला राग आला, याचा अर्थ तो बरोबर होता. मी सापशिडीच काढली होती. फक्त साप पुसले होते. आणि जुन्या सापशिडीला निदान अर्थ तरी होता. आपल्याकडच्या मोक्षपटात शिडीला एकेका पुण्याचे नाव असे, सापाला पापाचे, आणि शेवटी मोक्षाचे घर. परंपरा त्या पटाशी ज्ञानेश्वरांचे नाव जोडते. तिथे फासा म्हणजे प्रारब्ध. माणसाच्या हाती काही नसणे त्या पटाला शोभून दिसते. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला आणि पुढे लहान मुलांची करमणूक होऊन बसला. माझ्या पटात ना मोक्षाचे तत्त्वज्ञान, ना करमणूक. नुसता फासा टाकायचा आणि बटण सरकवायचे. ते काम शेजाऱ्याच्या मांजरानेही केले असते.

दुसरा अवतार आठ दिवसांत तयार झाला. आता दोन फासे. दोन्ही टाकायचे, त्यांतला एक चालण्यासाठी वापरायचा आणि दुसऱ्यावर जितके पडतील तितके चिंचोके घ्यायचे. चिंचोके म्हणजे दिंडीचा शिधा. पाच आणि दोन पडले, तर पाच घरे चालून दोन चिंचोके घ्यायचे की दोनच घरे चालून पाच घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. प्रत्येक मुक्कामाला शिधा लागणार, आणि शिधा संपला की दिंडी बाद. थोरल्याच्या कपाळावर प्रथमच आठी पडली. तो विचार करीत होता. मला धन्य वाटले.

परंतु एका दुखण्यावर औषध द्यावे, तो दुसरे उपटावे, असे होऊ लागले. धाकटीने हौसेने धावत सुटून शिधा उधळला आणि जेजुरीलाच ती बाद झाली. पुढे दीड तास आम्ही चौघे खेळत होतो आणि ती पलंगाखाली कागदाच्या होड्या करीत होती. विचारले तर म्हणाली, "मला मुळीच कंटाळा नाही आला." होड्या मोजल्या, चौदा होत्या. दुसऱ्या एका डावात समोरचे वकीलसाहेब आले होते. त्यांनी जाहीर केले की खेळ फार लांबतो, वीस घरे कमी करा. मी केली. तरी खेळ लांबलेलाच वाटे. मग लक्षात आले की जो एकदा पुढे जाई, त्याला पुढच्या मुक्कामाचा शिधाही आधी मिळे, म्हणून तो आणखी पुढे जाई. निकाल फलटणलाच लागलेला असे आणि उरलेली वाट सगळे नाइलाजाने चालत. वकीलसाहेबांचे दुखणे खरे होते, पण त्यांनी सांगितलेले औषध चुकीचे. रोग्याला कुठे दुखते ते नेमके कळते; म्हणून त्याच्या हाती चाकू द्यायचा नसतो.

या काळात मी एक वही घातली होती आणि खेळांविषयी मिळेल ते वाचू लागलो होतो. आल्फ्रेड बट्स या माणसाचा मला फार आधार वाटला. हा न्यूयॉर्कचा वास्तुशिल्पी. १९३० नंतरच्या मंदीत त्याचे काम गेले, तेव्हा तो वर्तमानपत्रांची पाने घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजत बसला आणि त्यावरून त्याने शब्दांचा एक खेळ रचला. इंग्रजीत 'एस' लावला की अनेकवचन तयार. खेळ फार सोपा होईल म्हणून त्याने 'एस'च्या सोंगट्या चारच ठेवल्या. गंमत अशी की सुरुवातीला त्या खेळाला पटच नव्हता. तो मागाहून आला. प्रकाशकांनी नाकारले, म्हणून बट्स स्वतःच संच करून ओळखीपाळखीच्यांना देत राहिला. शेवटी १९४८ मध्ये जेम्स ब्रूनो या गृहस्थांनी तो हाती घेतला, पटावरच्या विशेष घरांची मांडणी बदलली, सातही सोंगट्या एकदम लावल्या तर ५० गुण जादा, असा नियम घातला आणि त्याचे नाव ठेवले स्क्रॅबल. पहिल्या कल्पनेपासून इथवर पंधराहून अधिक वर्षे लोटली होती. माझा तर दुसराच महिना चालू होता.

तथापि बट्सच्या वाट्याला निदान उघड नकार आले. माझ्या वाट्याला "छान आहे" आले. सौ. म्हणे छान आहे. मेव्हणे आले, तेही छान म्हणाले आणि बरोबर नऊ वाजता त्यांना शेवटची गाडी आठवली. सगळ्यांत मोठे कोडे आईचे. ज्या आईसाठी हा खटाटोप, ती दुसऱ्या अवताराचा एकच डाव खेळली. मग कधी पाठ दुखते म्हणून, कधी वाल सोलायचेत म्हणून ती बाजूला बसू लागली. मी विचारी, "आई, आवडला ना खेळ?" ती म्हणे, "छान आहे हो. किती मेहनत घेतलीस." आणि वाल सोली.

एके रात्री मी वैतागून म्हणालो, "या घरात कुणी खरे बोलेल तर शपथ!"

आई म्हणाली, "तशी सोय करावी लागते. वारीत असते ना."

मग तिने सांगितले. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या सभोवार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. समाजआरतीच्या आधी चोपदार आपला दंड वर करतो आणि 'हो' म्हणून पुकारा करतो. त्यासरशी हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती थांबत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. त्या शांततेत तेवढाच आवाज ऐकू येतो. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, तक्रार ऐकून घेतो आणि निवाडा होतो. हरवले-सापडले तेही तिथेच पुकारतात. "तोंडाने सांगायला माणूस संकोचतो," आई म्हणाली. "टाळ वाजवायला काय संकोच?"

मी हे वाक्य वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी देवघरातले लहान टाळ पटाशेजारी आले. नियम असा केला की डाव संपला की मी सौ.ची विणकामाची सुई वर करायची, सगळ्यांनी गप्प व्हायचे आणि तक्रार असेल त्याने टाळ वाजवावा. वाजविणाऱ्याने काय खुपले तेवढेच सांगायचे, उपाय सांगायचा नाही. आणि मी, म्हणजे खेळाच्या कर्त्याने, उत्तर द्यायचे नाही. फक्त लिहून घ्यायचे. हा शेवटचा नियम पाळणे किती कठीण आहे, हे ज्याने स्वतःच्या हाताने काही केले आहे त्यालाच समजेल.

पहिल्याच रात्री थोरल्याने दोनदा आणि धाकटीने सहा वेळा टाळ वाजविले. त्यांतली एक तक्रार धाकट्या बहिणीला डिवचणाऱ्या थोरल्याविरुद्ध होती, पण मी तीही लिहून घेतली. सगळे थांबले, मी सुई खाली करणार, तोच किणकिण ऐकू आली. आईने सूप बाजूला ठेवून टाळ घेतले होते.

"माऊलींच्या आधी पंढरपूरला पोहोचून तुम्ही तिथे करणार काय?" तिने विचारले.

मी तोंड उघडले आणि नियम आठवून मिटले.

"वारीत कुणी पहिला येतो का रे? आणि दुसरे." ती थांबली. "मी यंदा घरी राहिले ते राहिले. पटावर तरी... तिथेही तुम्ही मला जेजुरीला टाकून पुढे गेलात. मला तेवढे बघवले नाही."

धाकटी म्हणाली, "आजी, मीपण जेजुरीलाच होते!" आणि सगळे हसले. मी पट गुंडाळून कपाटावर ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. महिनाभर मी फाशांची, घरांची, चिंचोक्यांची डागडुजी करीत होतो, आणि बोचत होते ते पहिल्याच दिवशी न विचार करता लिहिलेल्या ओळीत: 'जो पहिला पोहोचेल तो जिंकला.' ती ओळ मी कधी नियम म्हणून पाहिलीच नव्हती. खेळ म्हटला की ती असायचीच, असे मी धरून चाललो होतो.

ती असायलाच हवी असे नाही, हे एका अमेरिकन बाईंना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होते. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचे पेटंट मिळविले. जमीनमालक भाड्यावर कसे गब्बर होतात, ते लोकांना दाखवावे हा त्यांचा हेतू. पुढे त्या खेळाला नियमांचे दोन संच झाले: एकात इतरांना नागवून एकाने श्रीमंत व्हायचे, दुसऱ्यात संपत्ती वाढली की तिचा लाभ सगळ्यांना. लोकांनी उचलला तो पहिला. त्यातूनच मोनॉपॉली जन्मली, १९३५ मध्ये तिने बाजार काबीज केला, आणि मॅगीबाईंना पेटंटचे ५०० डॉलर मिळाले. आपल्या घरांतला 'व्यापार' त्याच कुळातला. त्यात दिवाळे निघालेला भाऊ खिडकीशी जाऊन बसतो, तो आमच्या धाकटीचाच सख्खा.

तिसऱ्या अवतारात म्हणून पालखी आली. शिवणाच्या डब्यातले दोऱ्याचे रीळ ही पालखी. ती रोज एक मुक्काम पुढे जाणारच, कुणासाठी थांबणार नाही. प्रत्येक दिंडीने दोन्ही फाशांची बेरीज करून तो मुक्काम गाठायचा. कमी पडले, तर उरलेली घरे दुसऱ्या दिवशी जादा चालायची. वाखरीला सगळ्या दिंड्या एकत्र असतील, तर सगळ्यांना पंढरपूर. एक जरी मागे राहिली, तरी सगळ्यांचीच वारी चुकली. बाद कुणी नाही. आई वाल ठेवून पटाजवळ सरकली.

आता दिवेघाट आडवा आला. पुणे ते सासवड ही मोठी मजल, म्हणून मी तिथे नऊ घरे ठेवली होती. प्रत्येक डावात निम्म्या दिंड्या तिथेच अडकत. टाळ वाजले. मी हिशेब मांडला: दोन फाशांचे दान ३६ प्रकारांनी पडते, त्यांत नऊ किंवा अधिक फक्त १० वेळा. घरे सात केली, तर ३६ पैकी २१ वेळा जमते. मी पांढरा कागद घेऊन दोन घरे बुजवायला बसलो.

"घाट लहान कशाला करतोस?" आई म्हणाली. "बैल वाढव."

दिवेघाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, हे मला ठाऊक होते. पटावर आणायचे सुचले नव्हते. नियम झाला की आपला एक चिंचोका खर्चून दुसऱ्या दिंडीला एक फासा जादा द्यावा. तीन फाशांची दाने २१६. त्यांत नऊ किंवा अधिक १६० वेळा. घाट नऊ घरांचाच राहिला आणि चढताही येऊ लागला; मात्र दुसऱ्याने हात दिला तर. सगळ्या खेळाचा जीव त्या एका नियमात आहे, आणि तो माझा नाही.

पुढची दुरुस्ती चिंचोक्यांची. आरंभी प्रत्येकाला पाच दिले, तर लागोपाठ चार डाव आम्ही सहज पंढरपूर गाठले आणि धाकटी जांभया देऊ लागली. तीन दिले, तर माळशिरस ओलांडवेना. चारावर काटा स्थिर झाला. मग वकीलसाहेब पुन्हा खेळायला आले. सगळे एका बाजूचे म्हटल्यावर त्यांच्या वाणीला बहर आला. "तुम्ही फासा द्या, तुम्ही थांबा, वहिनी, तुमचा चिंचोका राखून ठेवा." पाचही दिंड्या ते एकटेच चालवू लागले. वकीलसाहेब निघून गेल्यावर चार टाळ एकदम वाजले असते, पण टाळांचा जोड एकच होता. उपाय पुन्हा वारीतच सापडला. दिवसा कुणी काही सांगायचे नाही आणि चिंचोके मुठीत झाकलेले ठेवायचे. कुणाला हात द्यायचा ते ज्याचे त्याने ठरवायचे. बोलायचे ते मुक्कामाला, सुई खाली आल्यावर. वकीलसाहेबांना हे जड गेले, पण पुढच्या वेळी त्यांनीच आपला शेवटचा चिंचोका धाकटीसाठी टाकला. एकटे निर्णय घेण्याची त्यांना सवय नसावी, कारण टाकताना त्यांचा हात थरथरत होता.

शेवटची परीक्षा मी स्वतःहून ओढवून घेतली. नियम फुलस्केपवर लिहिले, पट आणि बटणे खोक्यात घातली आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला खेळायला दिली. अट एकच होती: मी बसून पाहणार, पण बोलणार नाही. अर्ध्या तासात माझी जीभ चावून चावून सुजली. मी लिहिले होते, 'मागच्याला फासा द्यावा.' माझ्या मनात मागे राहिलेली दिंडी. त्यांनी अर्थ घेतला, आपल्या आधी ज्याची पाळी झाली तो. फासे उलट्या दिशेने घरभर फिरत होते, कुणाचाच घाट चढत नव्हता, आणि ती मंडळी मात्र खूश होती. आमच्या घरी ही चूक कधी कळणेच शक्य नव्हते, कारण आमच्या घरी नियम कागदावर नव्हते. ते माझ्या तोंडात होते, आणि खोक्याबरोबर माझे तोंड पाठविता येत नाही. त्या रात्री मी लिहिले, 'जी दिंडी मुक्कामाला पोहोचली नसेल, तिला फासा द्यावा.' पाच शब्दांनी वाक्य वाढले. ते वाढू दिले.

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. दूरदर्शनवर चंद्रभागेचे वाळवंट दिसत होते, साबुदाण्याची खिचडी झाली होती. आम्ही पट मांडला. भंडीशेगावच्या मुक्कामी आईची दिंडी एक मजल मागे होती आणि चिंचोका उरला होता फक्त धाकटीकडे. तिने तो न विचारता टाकला. आईने तीन फासे दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ खुळखुळविले. हवे होते बारा, पडले दहा. दोन घरांनी सगळ्यांची वारी चुकली.

मी सुई वर केली. सगळे गप्प झाले. टाळ वाजले; आईच होती. मी वही उघडली. माझी छाती धडधडत होती.

"नीरा चुकलीय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नीरेचे स्नान आधी, मग लोणंद. नदी ओलांडल्यावर लोणंद येते. तू लोणंदच्या पुढे नदी काढलीस."

"अगं, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेस?"

"आधीच्या तक्रारी मोठ्या होत्या," आई म्हणाली आणि खिचडीची ताटली पुढे ओढली.

मी लोणंदवर पांढऱ्या कागदाचे ठिगळ लावले, नदी अलीकडे घेतली आणि पलीकडे लोणंद नव्याने लिहिले. ठिगळाची एक कड नीट चिकटलेली नाही. फासा तिथे पडला की तिरका उभा राहतो. थोरल्याने त्याबद्दल टाळ वाजविले आहेत, आणि वहीत तशी नोंद आहे.